तिसऱ्यांदा सांगितलेली विहीर

रविवारी विहारात वंदना आटोपली की कोणी ना कोणी नव्या माणसाशी माझी ओळख करून देतो. "हे थूल सर, विमान कंपनीत होते." नवा माणूस जरा सावरून बसतो. मग विचारतो, "पायलट?" मी नाही म्हणतो. "मग ते, आत खायला देतात ते?" तेही नाही. शेवटी मी सांगतो की मी जमिनीत सळई खुपसायचो. त्यानंतर बोलणं बहुधा पावसापाण्याकडं वळतं.

संपादकांचंही तसंच झालं. त्यांनी फोनवर 'आकाशातले अनुभव' मागितले. मी म्हटलं, अहो, एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी विमानात बसलो असेन दहा-बारा वेळा, आणि त्यातल्या निम्म्या वेळा डोळे मिटून. माझे अनुभव सगळे जमिनीवरचे. ते म्हणाले, "चालेल, पण कुठंतरी विमान येऊ द्या." येतं. नाकावर उभं राहतं, एवढंच.

आमची कंपनी लहानशी होती. चार सीटांची, एका इंजिनाची दोन-तीन विमानं. धरणं, कालवे, खाणी, विजेच्या लाईनी यांचे वरून फोटो काढायचे, हे मुख्य काम. कामाची जागा नागपूरच्या विमानतळापासून लांब असली की अर्धं पेट्रोल आणि अर्धी सकाळ नुसतं जाण्यायेण्यात जाते. म्हणून जवळपास उतरायला सपाट जागा शोधावी लागते. उन्हाळ्यात आपल्याकडं अशी जागा एकच, आटलेला तलाव. दीड-दोन किलोमीटर सपाट, झाड नाही, खांब नाही, तार नाही. पायलटनं वरून एकदा पाहिला की तो त्या तलावाच्या प्रेमातच पडतो. ते प्रेम मोडणं हे माझं काम.

कारण आटलेल्या तलावासारखी फसवी जागा नाही. भाजलेलं वांगं आठवा. वरून साल कडक, आत बोट घातलं की मऊ. तळाचं तसंच असतं. वरचा थर उन्हानं वाळून पापडासारखा होतो, पण हातभर खाली गाळ ओलाच. माणूस चालला, शेळी चालली, काही होत नाही. हजार किलोचं विमान तीन लहान चाकांवर उभं राहिलं की पापड मोडतो. दुसरी गोष्ट भेगांची. आपली काळी माती मे महिन्यात अशी फाटते की विमानाचं पुढचं चाक अलगद आत बसावं. भेगेत बोट गेलं तर चालतं, पंजा गेला तर जागा बाद, असा माझा हिशोब. तिसरी गोष्ट पायलटच्या डोळ्यांची. सगळा तळ एकाच रंगाचा असला की आपण किती उंचावर आहोत हे त्याला कळेनासं होतं. कोऱ्या कागदावर उतरल्यासारखं होतं ते. म्हणून आम्ही चुन्याचे पट्टे मारायचो, जुनी पांढरी धोतरं अंथरून त्यांवर दगड ठेवायचो. वारा कळावा म्हणून एका टोकाला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीचा ढीग पेटवून धूर करायचो. आणि हे सगळं सकाळी नऊच्या आत. नंतर ऊन चढलं की हवा इतकी पातळ होते की विमानाला उडण्यासाठी दुप्पट धावावं लागतं, आणि तोवर तलाव संपतो.

हे झाले निसर्गाचे धोके. माणसांचे वेगळे. एका तलावात परवानग्यांची फाईल पूर्ण, पोलीस हजर, चुना मारलेला, आणि विमान यायच्या वेळी धावपट्टीवर क्रिकेटचा सामना. पोरांनी आमचे चुन्याचे पट्टे क्रीज म्हणून वापरायला घेतले होते. मी धावत गेलो, म्हटलं, विमान येतंय. अंपायरनं वर पाहिलं, विमान पाहिलं, आणि शांतपणे म्हणाला, "ओव्हर होऊ द्या ना भाऊ, दोनच बॉल हायेत." विमानानं वर दोन घिरट्या घातल्या. दुसऱ्या बॉलवर विकेट पडली. आऊट झालेला पोरगा आजही भेटला की म्हणतो, तुमच्या विमानापायी माझं लक्ष गेलं.

पण मला सांगायचंय ते टाकळीच्या तलावाबद्दल. आता पंधराएक वर्षं होत आली त्याला. जिल्ह्यातल्या धरणांमध्ये किती गाळ भरलाय हे मोजायचं काम कंपनीला मिळालं होतं. साहेबांनी नकाशा पसरला आणि विचारलं, "थूल, तुम्ही त्या भागातले ना?" मी म्हटलं, हो, मोठ्या आंजीचा. "मग तुम्हाला तिथलं ढेकूळन् ढेकूळ माहीत असेल." मी नाही म्हणायला हवं होतं. दहावीनंतर मी गाव सोडलं होतं, आणि आंजीपासून काही कोसांवरचा टाकळीचा तलाव मी लहानपणी एकदाच पाहिला होता, तोही पाण्यानं भरलेला. त्या तलावाखाली जुनी टाकळी बुडाली आणि लोकांना वरच्या अंगाला नवी टाकळी वसवून दिली, एवढं ऐकून माहीत. पण साहेबांसमोर आपल्या भागाबद्दल 'माहीत नाही' म्हणवत नाही. मी मान हलवली.

पायलट होते कॅप्टन पटवर्धन. पुण्याचे, सैन्यातून निवृत्त झालेले, साठीच्या आसपासचे. पांढरा शर्ट, पांढऱ्या मिशा, सकाळी सहाला चहा आणि तो सहाला म्हणजे सहालाच. पहिल्या भेटीत त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी म्हटलं, थूल. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तेव्हा माझं वजन अठ्ठेचाळीस किलो होतं. "स्थूल?" "नाही सर, थूल." "बरं झालं," ते म्हणाले, "नाहीतर विनोद वाटला असता." माणूस चांगला होता. मी कागदावर सही केली की ती जमीन ते डोळे झाकून मानायचे. आमच्या धंद्यात हीच सगळ्यात जड गोष्ट असते.

टाकळीला पोचलो तर तलाव चारांतले तीन भाग कोरडा. तळाच्या पूर्वेकडच्या टोकाला एक डांगरवाडी. तलाव आटला की उघड्या पडलेल्या ओल्या गाळात लोक टरबूज, डांगर, काकडीचे वेल लावतात, तिला आमच्याकडं डांगरवाडी म्हणतात. ही वाडी सुभद्राबाईंची. वय पासष्टीच्या पुढं, अंगानं काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. चार खांबांचं मचाण, त्यावर खाट, आणि राखणीला त्या एकट्या. नवरा वारलेला, मुलगा हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला.

मी सळई घेऊन चालत होतो. दहा पावलं, एक खुपसणी. चार फुटी लोखंडी सळई, वरच्या टोकाला आडवी मूठ. सुभद्राबाई मचाणावरून बराच वेळ पाहत होत्या. मग खाली उतरून आल्या.

"काऊन जी भाऊ, काय शोधून राह्यले? कोणाचं सोनं पुरलं हाय का?"

मी सांगितलं, विमान उतरणार आहे.

"कोठी?"

"इथंच. ह्या लाईनीत."

त्यांनी माझ्या सळईच्या रोखानं पाहिलं. लाईन सरळ त्यांच्या टरबुजांतून जात होती. त्या जराही न अडखळता म्हणाल्या, "इथं नाई जमत भाऊ. इथं म्हसोबा हाय."

मी नव्या टाकळीत जाऊन विचारलं. लोक हसले. म्हसोबा गावाबरोबरच वर हलवला होता, बँड लावून. तरीही मी लाईन तीस पावलं सरकवली, म्हसोबासाठी नाही, वेलांसाठी. टरबुजाचा वेल चाकात गुंडाळला की सुटता सुटत नाही. सुभद्राबाईंचं समाधान झालं असावं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी पूर्वेच्या टोकाला वळणाची जागा आखायला गेलो. म्हणजे असं, विमान धावपट्टीच्या शेवटी पोचलं की त्याला तोंड फिरवायला गोल जागा लागते, बैलगाडीला लागते तशी. ही जागा वाडीच्या कुंपणाला लागून येत होती. सुभद्राबाई आल्या.

"इथं नागाची जोडी राह्यते. मी सोता पाह्यली."

मी अर्धा तास बीळ शोधलं. बीळ नव्हतं. एक सरडा होता, तोही एकटा.

"नाग नाई मावशी," मी म्हटलं.

"मंग इहीर हाय," त्या म्हणाल्या. "जुन्या गावातली. बरोबर इथंच."

मी हसलो. आता लिहिताना ते हसणं मला नको वाटतं, पण हसलो हे खरं. आधी म्हसोबा, मग नाग, आता विहीर. उद्या म्हणाल्या असत्या की इथं रेल्वे आहे. तरी रीत म्हणून मी सळई मारली. वीतभर खाली गेली आणि खण्ण वाजली. दोन पावलं सरकून मारली, पुन्हा खण्ण. अख्ख्या तळात इतकी पक्की जमीन मला कुठं लागली नव्हती. मी खूश झालो. त्यांना म्हटलं, "पाहा मावशी, याच्याहून मजबूत जागा साऱ्या तलावात नाई."

"मजबूत राहीनच ना जी," सुभद्राबाई म्हणाल्या. "माह्या सासऱ्यानं बांधलती."

मी ती थट्टा समजलो. चुन्यानं तिथं मोठा गोल आखला. कंपनीच्या छापील तक्त्यात 'स्थानिकांना विचारणा केली' असा एक रकाना होता, त्यापुढं 'होय' वर खूण केली. खोटी खूण नव्हती ती. विचारलं होतंच.

विमान आलं त्या सकाळी सगळी नवी टाकळी बांधावर होती. सरपंच हार आणि नारळ घेऊन. हार त्यांनी कॅप्टनच्या गळ्यात घातला आणि नारळ विमानाच्या नाकावर फोडायला हात उचलला. तो हात मी हवेतच धरला. "भाऊ, नारळ नाई फुटणार, विमान फुटीन." मग तो माझ्या सळईवर फुटला.

आठ दिवस सगळं सुरळीत झालं. पहाटे वारा पडलेला असायचा. विमान पूर्वेकडून उतरायचं, पश्चिमेला आमच्या तंबूपाशी थांबायचं, तिथं पेट्रोल भरायचं, आणि तिथूनच तोंड फिरवून पूर्वेकडं उडून जायचं. सुभद्राबाईंच्या कुंपणाजवळच्या गोलाची गरजच पडत नव्हती. सुभद्राबाईंनीही विरोध सोडला होता, कारण विमान पाहायला येणारी माणसं टरबूज खाल्ल्याशिवाय जात नव्हती. एक फोड त्या रोज कॅप्टनसाठी राखून ठेवायच्या. कॅप्टन ती काट्याचमच्यानं खायचे. बाई म्हणायच्या, "बिचाऱ्याचे हात दुखत असन."

नवव्या दिवशी आभाळ भरून आलं आणि वारा उलटला. पूर्वेकडून जोराचा. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उतरवतात, म्हणून त्या दिवशी ते पश्चिमेकडून आलं. चाकं टेकली, छान टेकली. धावत पूर्वेच्या टोकाला गेलं, वेग कमी झाला, आणि कॅप्टननी ते मी आखलेल्या गोलात वळायला घेतलं. मी तंबूपाशी उभा होतो, जवळजवळ किलोमीटरभर लांब. तिथून मला दिसलं ते असं, की विमान वळता वळता नमस्कार करायला वाकावं तसं वाकलं. मग शेपूट वर गेली. इंजिनाचा आवाज एकदम बंद झाला.

ड्रायव्हरला जीप घेऊन मागून यायला ओरडून सांगितलं आणि मी पळत सुटलो. इतक्या जोरात त्याच्या आधी मी केव्हा पळालो होतो ते आठवत नाही. पोचलो तर पुढचं चाक गाळात गेलं होतं, पंखा मातीत रुतून वाकला होता, आणि काच ढगांऐवजी चिखलाकडं पाहत होती. मी ज्यावर सळई वाजवली होती तो विहिरीचा दगडी काठ होता. काठाच्या आत, चार पावलांवर, विहीर गाळानं काठोकाठ भरलेली. वर पापड, खाली लोणी. आणि विमानाचं नाक त्यात हळूहळू उतरत होतं. फार हळू, पण उतरत होतं, हे चुन्याच्या रेषेवरून दिसत होतं.

आत कॅप्टन पट्ट्याला लोंबकळत होते. मला पाहून त्यांनी खिडकी उघडली.

"थूल," ते म्हणाले, "ही जागा आपण पाहिली होती ना?"

"हो सर."

"बरं."

एवढंच. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी एक पाऊल पुढं टाकलं आणि गुडघ्यापर्यंत गेलो. मागून कोणीतरी माझी कॉलर धरून ओढलं. सुभद्राबाई. "उभं नाई जावं लागत तिथं. जोडे काढा, पोटावर जा." तोवर त्यांनी कुंपणाचा बांबूचा ताट्या उपसून आणला होता. आयुष्यभर गाळात वावरलेल्या बाईला जे ठाऊक होतं ते माझ्या कोणत्याच तक्त्यात नव्हतं. ताट्या आडवा टाकला, त्यावर त्यांची खाट उलटी ठेवली, आणि मी बेडकासारखा सरपटत दरवाज्यापर्यंत गेलो. पेट्रोलचा वास येत होता. बांधावरून धावत आलेल्या एका गृहस्थानं धीर यावा म्हणून बिडी काढली होती. ती सरपंचांनी त्याच्या तोंडातून काढून घेतली, आणि त्याच हातानं त्याला ठेवून दिली.

मी दरवाजा उघडला. कॅप्टननी आतून एक काळी पेटी पुढं केली. "आधी हे. आठ दिवसांचे फोटो आहेत."

काठावरून सुभद्राबाईंचा आवाज आला. "आधी माणूस, मंग डबा."

"बाई, हे सरकारी काम आहे," कॅप्टन उलटे लोंबकळत म्हणाले.

"सरकार नाई बुडून राह्यलं. तुमी बुडून राह्यले."

मी दोघांचं ऐकलं. पेटी दातात धरली, म्हणजे तिचा पट्टा, आणि दोन्ही हातांनी कॅप्टनचा पट्टा सोडवला. ते माझ्या अंगावर पडले. साठीतले निवृत्त अधिकारी, पांढरा शर्ट, आणि खाली मी, अठ्ठेचाळीस किलो. तसेच दोघं एकमेकांना धरून खाटेवरून मागं सरपटलो. कडक जमिनीवर आल्यावर कॅप्टननी उभं राहून मिशा पुसल्या, घड्याळ पाहिलं, आणि जमिनीवर मटकन बसले. सुभद्राबाईंनी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला. तरी पाणी शर्टावर सांडलं. मी दुसरीकडं पाहिलं.

आता विमान. नाक खाली जात असेल तर शेपटीवर वजन टाकायचं, की नाक वर येतं. तराजूसारखं आहे. पण विमानाच्या शेपटीवर माणसं चढवली तर पत्रा मोडतो. शेपटीखाली दोर बांधायला एक कडी असते, तिलाच वजन टांगायचं. वजन कशाचं? तलावाच्या तळात दगड शोधूनही सापडत नव्हते. मी वाडीकडं पाहिलं. सुभद्राबाईंनी मी वाडीकडं पाहताना पाहिलं.

"नाई," त्या म्हणाल्या.

"मावशी."

"फुटतीन."

"पोत्यात घालून टांगू. हळू."

त्यांनी विमानाकडं पाहिलं, मग तांब्या धरून बसलेल्या कॅप्टनकडं. मग स्वतःच पोती घेऊन आल्या. टरबुजांची अकरा पोती त्या कडीला लागली तेव्हा नाक बोटभर, मग वीतभर वर आलं. तेवढ्यात चाकांच्या दांड्यांना लांब दोर बांधले, दुसरं टोक गावातून आणून पक्क्या जमिनीवर उभ्या केलेल्या ट्रॅक्टरला, आणि विमान मागच्या मागं ओढून काढलं. विमान सुटल्यावर चार पोती फुटली. गावानं तिथंच बसून ती खाल्ली.

पंखा आपटला की इंजिन पूर्ण खोलून पाहिल्याशिवाय उडवता येत नाही. म्हणून पंख काढले आणि विमान ट्रकवर घालून नागपूरला नेलं. ट्रक माझ्याच आंजीच्या बाजारातून गेला. मी पुढं ड्रायव्हरजवळ बसलो होतो, मान खाली घालून. माझ्या वर्गातला एक जण ट्रकबरोबर चालत आला आणि म्हणाला, "काय रे प्रभाकर, तुमच्या कंपनीत विमानं अशीच जाते का?" मी खिडकीची काच वर केली.

पंधरा दिवसांनी चौकशी आली. दिल्लीहून एक अधिकारी, हिंदी बोलणारे, शांत. कॅप्टननी आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे पाहा थूल, जमिनीखालची विहीर कुणालाही कळली नसती. 'अज्ञात खड्डा' असं लिहा. मीही तेच लिहितो." त्यांच्या मनात खरोखर तसंच होतं. सुभद्राबाईंचं बोलणं त्यांना मी सांगितलंच नव्हतं. मी होकार दिला. घरी दोन मुलं शिकत होती.

अधिकाऱ्यांनी तलावावर जाऊन जागा पाहिली. तक्त्यातल्या माझ्या खुणेवर बोट ठेवून विचारलं, स्थानिकांपैकी कोणाला विचारलं होतं? मी सुभद्राबाईंकडं हात केला. अधिकाऱ्यांना आमच्या बाईंची बोली नीट कळेना, म्हणून त्यांनी मलाच दुभाषा केलं. माझ्याच चुकीच्या चौकशीत मी दुभाषा.

"इनसे पूछिए, इन्हें कुएँ का पता था क्या?"

मी विचारलं. सुभद्राबाई म्हणाल्या, "पता नसन का? तीन वर्सं पाणी भरलं मी तिचं. अन् मी याले सांगतलं होतं. यानं ऐकलं नाई."

अधिकारी माझ्याकडं पाहत होते. कॅप्टनही. त्या क्षणी मी काहीही सांगू शकलो असतो.

"ये कह रही हैं," मी म्हटलं, "कि इन्होंने बताया था."

"किसको?"

"मुझे, सर."

कॅप्टननी खाली पाहिलं. अधिकाऱ्यांचं पेन चालू लागलं. सुभद्राबाईंनी त्या पेनकडं पाहिलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि त्यांच्या ध्यानात काहीतरी आलं.

"थांबा जी साहेब," त्या पुढं होऊन म्हणाल्या. "त्याच्या आधी मी याले दोन खोटं सांगतलं होतं. म्हसोबा अन् नाग. तेही लिवून घ्या."

मी तेही सांगितलं. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "झूठ क्यों बोला था?"

"पहिले दोन टरबुजासाठी होते," सुभद्राबाई म्हणाल्या. "तिसरं त्या कप्तानासाठी होतं. तिन्ही एकाच तोंडानं सांगतले, हे माहं चुकलं."

मी ते शब्दाला शब्द हिंदीत सांगितलं. अधिकाऱ्यांनी दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. निघताना ते मला म्हणाले की इतक्या वर्षांत दोन्ही बाजूंनी आपापली चूक कबूल केलेली चौकशी त्यांनी पाहिली नव्हती, आणि त्यामुळं अहवाल कोणत्या नमुन्यात लिहावा हा प्रश्नच आहे.

मला सहा महिने जमीन पाहण्याच्या कामावरून काढलं. नागपूरच्या स्टोअरमध्ये बसून मी नटबोल्टांच्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. शिक्षा योग्य होती. सहा महिन्यांनी कॅप्टन पटवर्धन स्वतः साहेबांकडं गेले आणि म्हणाले की थूलनं पाहिलेल्या जमिनीवरच मी उतरेन. का, असं विचारल्यावर म्हणाले, "हा माणूस आता प्रत्येक म्हातारीचं ऐकेल." ते खरं झालं. पुढच्या सगळ्या नोकरीत मी गुराख्यांना, धोबिणींना, दारू प्यायलेल्यांना, सगळ्यांना विचारलं, आणि एकदा खोटं बोललेल्याला पुन्हा जाऊन विचारलं. वेळ फार जायचा. पण दुसरं विमान कधी नाकावर उभं राहिलं नाही. याचा मला थोडा अभिमान आहे. पहिलं उभं राहिलं नसतं तर अधिक असता.

स्टोअरमध्ये असतानाच एक दिवस फोटोंच्या खोलीतल्या मुलीनं मला बोलावलं. काळ्या पेटीतले फोटो ती जुळवत होती. "सर, हे तुमचं गाव का?" पडद्यावर टाकळीचा तळ होता, पहिल्याच दिवशी वरून घेतलेला. जमिनीवरून जिथं मला नुसती सपाट माती दिसली होती, तिथं वरून सगळं गाव दिसत होतं. घरांच्या पायांचे चौकोन फिकट, गल्ल्या गडद. आणि पूर्वेच्या टोकाला, माझ्या चुन्याच्या गोलाच्या आत, एक लहान काळा गोल, कुंकवाच्या टिकलीएवढा. विमानानं पहिल्याच दिवशी विहीर पाहिली होती. फोटो गाळ मोजायला काढले होते, म्हणून तिच्याकडं कोणी पाहिलं नाही.

मी तो फोटो मोठा छापून घेतला आणि सुट्टीच्या दिवशी टाकळीला गेलो. पावसाळा होऊन तलाव भरला होता. सुभद्राबाई नव्या टाकळीतल्या घरी ओसरीवर तूर निवडत होत्या. मी फोटो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांना आधी काही उमगेना. त्यांनी तो उलटा फिरवला, मग आडवा, मग पुन्हा सरळ. मी मदत करायला बोट पुढं केलं तर त्यांनी ते बाजूला सारलं.

"हा मारुतीचा पार," त्या हळूच म्हणाल्या. "हे पाटलाचं. हे तेल्याचं घर." मग एका फिकट चौकोनावर त्यांचं बोट थांबलं. बराच वेळ तिथंच राहिलं. "हे आमचं. मी आली तवा सतरा वर्साची होती."

 त्यांचं बोट चौकोनातून निघालं, गडद गल्लीत आलं, एक वळण घेऊन सरळ काळ्या गोलापर्यंत गेलं. तिथून तसंच परत घरी आलं.

"जातानी साठ पावलं," सुभद्राबाई म्हणाल्या. "घागर घेऊन येतानी सत्तर."

फोटोच्या कोपऱ्यात मोजमापाची पट्टी छापलेली होती. त्यावरून अंतर ताडून पाहता आलं असतं. मी पाहिलं नाही.